रोज चालते तरी शुगर बॉर्डरला कशी?

प्रश्न: वय ३८, अकाउंट्सचं काम. सकाळी रोज पाऊण तास चालते पण नंतर दिवसभर खुर्चीतच असते. आईला डायबेटीस आहे आणि आता माझं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) ६.० टक्के आलंय. बसून राहण्यामुळे असं होतं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटीस, अजून डायबेटीस नाही, त्यामुळे घाबरू नका पण सोडूनही देऊ नका. आईकडून आलेला धोका आहेच, त्यात बसण्याची भर पडते. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायू ओढून घेतात, आणि ते हलत असले की इन्सुलिनच्या मदतीशिवायही घेतात, पण आपण तासन्‌तास बसलो की मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू जवळपास बंदच असतात, मग सगळा भार इन्सुलिनवर येतो. सकाळचं चालणं अजिबात वाया जात नाही हो, ते चालूच ठेवा, फक्त पुढचे आठ-नऊ तास त्याने पूर्ण भरून निघत नाहीत.

ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये एक छोटा अभ्यास झाला होता, वजन जास्त असलेल्या १९ जणांवर. दर २० मिनिटांनी फक्त २ मिनिटं हळू चालल्यावर जेवणानंतरची साखर सलग बसण्यापेक्षा साधारण २४ टक्के कमी वाढली! म्हणून अर्ध्या तासाला उठाच, फोन आला की चालत बोला, आणि डबा खाल्ल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं तरी चाला, माझ्या मते तुमच्यासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं. तीन महिन्यांनी टेस्ट परत करा आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.