गाडी बघायला सकाळी जा

जुन्या मोटारसायकलींविषयी आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्या बहुतेक पत्रांतही फिरून तेच विचारलं होतं.

प्रश्न : मुलाला लातूरच्या एमआयडीसीत काम लागलंय. औशाहून रोजची ये-जा, सुट्टीला शेतावर चक्कर. दोन गाड्या नजरेत आहेत. एक २०१८ची स्प्लेंडर, एकाच मालकाची, ४६ हजार किलोमीटर झालेली. ४० हजार सांगतात. दुसरी २०२१ची पल्सर १५०, ऑटो कन्सल्टिंगवाल्याकडची, दोन मालक झालेली, मीटरवर १९ हजार. ७५ हजार सांगतात. मुलाचा जीव पल्सरवर आहे. दगा न देणारी कोणती? (एक वाचक, औसा)

उत्तर : नुसत्या माहितीवर सांगायचं तर स्प्लेंडर. पण तेवढ्यावर इसार देऊ नका.

४६ हजार किलोमीटर या ९७ सीसीच्या इंजिनाला फार नाहीत. ऑइल वेळेवर पडलं असेल तर अजून तेवढंच ते सहज काढतं. सगळी मेख त्या ऑइलमध्ये आहे. या इंजिनात ऑइल लिटरभराच्या आतच मावतं आणि पल्सरसारखा बदलायचा कागदी फिल्टर त्याला नसतो. थोडं ऑइल जळालं तरी पातळी झपाट्याने उतरते, आणि कमी, काळ्या ऑइलवर गाडी हाणली की आधी हेडमधली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातली, वाल्व उघडणाऱ्या कॅमची बाजू घासते. म्हणून मालकाला पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा नको. ऑइल शेवटचं कधी बदललं, कुठे बदललं, ते विचारा. ज्याला आठवतच नाही, त्याने बदललेलं नसतं.

पल्सरचे १९ हजार मात्र तपासायला हवेत. वर्षाला चार-साडेचार हजार म्हणजे दिवसाला बारा किलोमीटर. तरण्या पोराकडची दीडशे सीसीची गाडी इतकी कमी पळते? पळतही असेल, पण मीटरवर विसंबू नका. फूटरेस्टचं रबर, गिअरच्या दांडीचं रबर, ब्रेकच्या पायडलाची जाळी आणि हँडलची ग्रिप बघा. १९ हजारांत ही गुळगुळीत होत नाहीत. डिस्कच्या कडेला नखाला लागेल असा उंच काठ आला असेल तर गाडी बरीच धावलेली आहे. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: २३२१ म्हणजे २०२१च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. दोन्ही टायर २०२४चे, चेन-स्प्रॉकेटही नवं आणि मीटरवर १९ हजार, असं असेल तर हिशेब जुळत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन शेवटच्या सर्व्हिसचं किलोमीटर विचारा. गाडी तिथे गेलेली असेल तर नोंद सापडते.

आता बघायला जाण्याबद्दल. सकाळी जा, आणि आधीच फोनवर सांगून ठेवा, ‘गाडी चालू करून ठेवू नका.’ गेल्या गेल्या इंजिनाला आणि सायलेन्सरच्या बेंडला हात लावा. गरम लागला तर चहा घ्या, दुसऱ्या दिवशी परत जा. गरम इंजिन अर्धे दोष झाकतं. थंड इंजिन सुरू होताना पहिले काही क्षण निळसर धूर येऊन थांबला तर वाल्वचे ऑइल सील गेलेत. हे काम आवाक्यातलं आहे. गाडी ओढताना, लोड पडल्यावर निळा धूर सतत येत असेल तर इंजिन उघडून रिंग-पिस्टन बदलणं आलं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरी वाफ थंडीत सगळ्याच गाड्या सोडतात, तिला घाबरू नका.

चालू इंजिनावर ऑइलचं झाकण हळूच सैल करा. आतून धापा टाकल्यासारखा धूर येत असेल तर रिंगांमधून दाब खाली गळतोय. मग हेड आणि ब्लॉक यांचा जोड निरखा. कडेला सिलिकॉनचा थर बाहेर आलेला, बोल्टच्या डोक्यांवर पान्याचे ओरखडे, म्हणजे इंजिन उघडलं गेलंय. उघडलेलं इंजिन वाईटच असं नाही. चांगल्या हाताने नीट बांधलेलं इंजिन न उघडलेल्या थकलेल्या इंजिनापेक्षा बरं. पण बिल मागा आणि बोरिंग (सिलिंडर आतून घासून मोठा करणं) कितीचं झालं ते बघा. पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० अशा वाढत्या मापांत येतात. शेवटच्या मापावर पोचलेल्या ब्लॉकला पुढच्या वेळी बदलण्यावाचून इलाज नसतो.

आपल्याकडे सगळ्यांनी बघावी आणि कुणीच बघत नाही अशी जागा म्हणजे एअर फिल्टर. काळ्या रानाची धूळ पिठासारखी बारीक. फिल्टर काढा आणि इंजिनाकडच्या, म्हणजे स्वच्छ असायला हव्या त्या बाजूला बोट फिरवा. बोटाला माती लागली तर तीच माती पिस्टनपर्यंत गेली आहे आणि बोअर घासलेला आहे, मीटर काहीही म्हणो. स्प्लेंडरची चेन बंद कव्हरात असते, त्यामुळे या धुळीत ती उघड्या चेनपेक्षा जास्त टिकते. कव्हरावरचं रबरी बूच काढलं की आतली चेन दिसते.

मग गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागून दाबून पुढचं चाक उचला. हँडल डावी-उजवीकडे सावकाश फिरवताना मध्यावर खटकन अडलं तर कोनसेट (हँडलच्या मानेतल्या बेअरिंग) गेला. पल्सरला तर हे हमखास बघा. शॉकअपच्या दांड्यांवर ऑइलचे ओघळ, मागचं चाक धरून हलवल्यावर खडखड, हे किरकोळ खर्चाचे. पण चासीच्या मानेजवळ रंग तडकलेला किंवा नवा मारलेला असेल, दोन्ही चाकं एका रेषेत नसतील, तर गाडी जोरात आदळलेली आहे. ती तिथेच सोडा.

चालवताना वरच्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपल्या. पल्सरला चावी फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा आणि एबीएसचा (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा दोन्ही लागायलाच हवेत. पहिला इंजिन सुरू झाल्यावर आणि दुसरा गाडी थोडी पळाल्यावर विझला पाहिजे. जो दिवा मुळात लागतच नाही तो मुद्दाम तोडलेला असू शकतो. ही लबाडी दिवा चालू राहण्यापेक्षा वाईट.

भावाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. नवी गाडी उतरली तशी जुनीही उतरायला हवी, पण सांगणारे अजून आधीचाच भाव सांगतात. ७५ हजारांत दोन मालकांची पल्सर घेण्यापेक्षा आणखी थोडी भर घालून नवी शंभर सीसीची घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. स्प्लेंडर वरच्या तपासणीत उतरली तर ३५-३६ हजारांपर्यंत घासाघीस करा आणि सहा-सात हजार बाजूला ठेवा. ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक लायनर, केबल, गरज पडली तर बॅटरी आणि एक टायर, हे पहिल्या महिन्यातच करून घ्यायचं.

प्रश्न : सप्टेंबर २०२५च्या पुरात भिजलेली एक गाडी पाहुण्यांच्या गावात फक्त १५ हजारांत मिळतेय. धुऊन-पुसून चालू केलीय, आवाज चांगला आहे. घ्यावी का? (एक वाचक, परांडा)

उत्तर : गाडी बीएस-४ या जुन्या प्रदूषण निकषाची, म्हणजे एप्रिल २०२०च्या आधीची कार्बोरेटरवाली आहे की नंतरची इंजेक्शनवाली, ते आधी सांगायला हवं होतं. इंजेक्शनवाली असेल तर १५ हजारांतही नको. तिच्या टाकीत विजेचा पंप, सीटखाली ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) आणि जागोजागी सेन्सर असतात. गाळाचं पाणी कनेक्टरमध्ये शिरलं की पितळी पिनांवर हिरवा गंज चढतो. गाडी सहा महिने नीट चालते, मग एक दिवस रस्त्यात बंद पडते आणि तासाभराने आपोआप सुरू होते. असा दोष शोधण्यात मेकॅनिकचा वेळ जातो आणि तुमचा पैसा.

कार्बोरेटरवाली असेल तर पाणी कुठवर चढलं होतं ते शोधा. हेडलाइटची काच काढा. आत गाळाची रेघ असते, ती कुणी पुसत नाही. सीटच्या खालचे स्क्रू, टूलबॉक्सचा तळ, एअर फिल्टरच्या डब्याचा कोपरा बघा. सीट जोरात दाबून वास घ्या. बाकी गाडी जुनी आणि सीट कव्हर तेवढं कोरं, हीसुद्धा खूण आहे. पाणी चाकाच्या आसापर्यंतच असेल तर दोन्ही चाकांच्या बेअरिंग आणि ब्रेक लायनर बदलून भागतं. सायलेन्सर आणि एअर फिल्टर बुडाले असतील तर इंजिनात पाणी गेलं असं धरून चाला. ऑइल दुधाळ दिसतं का बघा, पण नवं ऑइल टाकून ते लपवता येतं. सगळ्यात वाईट म्हणजे, पाणी असताना कुणी किक मारली असेल तर? पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि ते उघडल्याशिवाय कळत नाही. इंजिन उघडणं, सगळ्या बेअरिंग, कोनसेट, सेल्फची मोटर, वायरिंग असा खर्च मांडला तर १५ हजारांची गाडी ३० हजारांवर जाते.

प्रश्न : टीएस पासिंगची २०१९ची क्लासिक ३५० स्वस्तात मिळतेय. हप्ते थकल्यामुळे फायनान्सने ओढलेली आहे. ‘टीटी (गाडी नावावर करायच्या) फॉर्मवर सही घेतलेली आहे, पाहिजे तेव्हा नावावर करा,’ असं विकणारा म्हणतो. (एक वाचक, देगलूर)

उत्तर : ‘पाहिजे तेव्हा’ असं काही नसतं. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरावा लागतो आणि मूळ मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो. ज्याची गाडी ओढून नेली, तो माणूस तुम्हाला हसत ओटीपी देईल?

पैसे देण्याआधी हे हातात पाहिजे: फायनान्स कंपनीचं विक्रीपत्र, बोजा (आरसीवरची कर्जाची नोंद) उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि कंपनीची एनओसी, मूळ आरसी, मालकाच्या सहीचे फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०, आणि तेलंगणातल्या ज्या आरटीओत नोंद आहे तिथली फॉर्म २८वरची एनओसी. शेवटचा कागद सगळ्यात अवघड. बोजा किंवा चलन बाकी असेल तर तो निघत नाही. तो मिळाल्यावर नांदेडला महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरून एमएच-२६ नंबर घ्यायचा आणि नवी हाय सिक्युरिटी पाटी लावायची. परराज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नोंद बदलणं कायद्यानेच बंधनकारक आहे. हा टॅक्स आणि एजंटचे पैसे धरले की ‘स्वस्त’ शब्दाचं वजन कमी होतं. एनओसी विकणाऱ्याने आणून द्यावी, तोवर इसाराच्या पुढे जाऊ नका. चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा; घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर विषय संपला.

गाडीबद्दल एकच. त्या काळच्या ३४६ सीसीच्या इंजिनात सेल्फ मारताना खर्रर्र आवाज येऊन इंजिन फिरत नसेल तर स्प्रॅग क्लच (सेल्फच्या मोटरचा जोर इंजिनाला देणारा भाग) गेलेला असतो. किकने सुरू करून दाखवतील. तुम्ही सेल्फनेच सुरू करा, थंड असताना आणि गरम झाल्यावरही.

प्रश्न : दूध घालणाऱ्याची गाडी घेऊ नये म्हणतात, खरं का? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : इंजिनाच्या दृष्टीने अशी गाडी बऱ्याचदा चांगलीच असते, कारण ती रोज ठरल्या वाटेने, संथ चालते आणि दुधाची वेळ चुकू नये म्हणून मालक तिला जपतो. मार बसतो तो मागच्या बाजूला. दोन्हीकडच्या कॅनच्या ओझ्याने मागचे शॉकअप बसतात, त्यांचे बुश आणि स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या चौकटीचे) बुश ढिले होतात, आरे तुटतात, सीटखालची पाइपाची चौकट खाली झुकते. हुक जिथे वेल्ड केले होते तिथे चासीला चिरा आहेत का, ते उजेडात बघा. चिरा नसतील तर घ्यायला हरकत नाही. बाकी काम पाच हजारांच्या आत होतं.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी गाडी विकली, पण घेणाऱ्याने नावावर केली नाही. ई-चलन माझ्याच मोबाइलवर येतात. काय करावं? (एक वाचक, जिंतूर)

उत्तर : चलन हा त्यातला लहान त्रास. अपघात झाला तर नोंदीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये हेच स्पष्ट केलं आहे. घेणाऱ्याला गाठून अर्ज भरायला लावा, ओटीपीच्या वेळी स्वतः हजर राहा. तो दाद देत नसेल तर विक्रीचा कागद आणि पैसे मिळाल्याचा पुरावा जोडून परभणीच्या आरटीओत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोलीस ठाण्यातही एक प्रत द्या. विक्रीचा कागदच केलेला नसेल तर व्यवहाराच्या वेळचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि बँकेची नोंद तरी आजच काढून ठेवा. गाडीचा विमा कधी संपतो तेही परिवहनच्या साइटवर बघा; तो संपलेला असेल तर घेणाऱ्याकडे तगादा लावायला आता आठवडाभरही थांबू नका.