नेब्रास्कात गुरं पाळायची, तर सरकारी पैशांवर किती विसंबायचं?

पत्नीला अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात व्हॅलेंटाईन गावी नर्सची नोकरी लागतेय, ग्रीन कार्ड दोघांचं त्यातूनच होईल, आणि सांगोल्याचा गोठा मोडून तुम्हाला तिथल्या चेरी काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) मांसाची गुरं पाळायचीत. ‘दुष्काळात सरकार रँचरला, म्हणजे कुरणावर गुरं पाळणाऱ्याला, पैसे देतं म्हणे, त्यावर पहिली वर्षं निघतील का?’ असं विचारलंत. नाही निघणार. मी इकडच्याच एका बँकेत शेतीकर्जाचे कागद बघतो, त्यामुळे कोणाच्या खात्यात काय येतं ते रोज दिसतं.

चारा छावणी विसरा. इथे सरकार ना चारा देत, ना पंचनाम्याला कोणी येत. लिंकन शहरातल्या विद्यापीठातून दर गुरुवारी देशाचा दुष्काळ-नकाशा निघतो. त्यात तुमची काउंटी चराईच्या हंगामात ‘डी-थ्री’ म्हणजे अतितीव्र दुष्काळाच्या रंगात गेली, की तीन महिन्यांच्या चाऱ्याच्या ठरीव खर्चाच्या साठ टक्के रक्कम मिळते; दुष्काळ वाढला तर महिने वाढतात. तुमचं स्वतःचं कुरण हिरवं असलं तरी मिळते. उलट ते करपलं पण काउंटीच्या नकाशावर रंग चढला नाही, तर काही नाही. हा अन्याय आहे असं माझं मत, पण नियम तोच.

जमीन भाड्याची असली तरी चालतं, कारण पैसे गुरांच्या मालकाला मिळतात. अट अशी, की दुष्काळ लागण्याआधीचे साठ दिवस गुरं तुमची असावीत आणि कुरणाचे एकर फार्म सर्व्हिस एजन्सी या सरकारी कृषी खात्याच्या काउंटी कार्यालयात मुदतीत नोंदलेले असावेत. नवखे लोक अडकतात ते इथेच: पाऊस गेल्यावर कार्यालयात जातात. तिथे तुमचा ‘फार्म नंबर’ हाच सातबारा समजा, तो पहिल्या महिन्यातच काढा. ग्रीन कार्ड हातात नसताना मात्र गुरं घेऊ नका.

हिमवादळात जनावरं दगावली तर बाजारभावाच्या 75 टक्के मिळतात, पण नेहमीची मर वजा करून. मार्च 2019 च्या वादळात ऐन वेतांच्या दिवसांत वासरं गेली, तेव्हा ज्यांच्याकडे मोजणीच्या वह्या आणि फोटो होते त्यांचं काम सोपं झालं. वही पहिल्या दिवसापासून ठेवा, मराठीत लिहिलीत तरी आकडे इंग्रजीत ठेवा.

मला खरं कामाचं वाटतं ते कुरणाचं पाऊस-विमापत्र. हप्त्याचा निम्म्याहून जास्त भाग सरकार भरतं, नवशिक्या शेतकऱ्याला त्याहून थोडी जास्त सवलत. त्यात दोन-दोन महिन्यांचे टप्पे तुम्ही निवडता, आणि विम्याच्या नकाशातल्या तुमच्या चौकोनात पाऊस सरासरीपेक्षा ठरलेल्या प्रमाणाखाली गेला की पैसे येतात. मात्र बाकीचा हप्ता आपल्याच खिशातून जातो, आणि चांगल्या पावसाच्या वर्षी तो गेलाच. पुढच्या वर्षासाठी 1 डिसेंबरच्या आत सही लागते.

आणि जमिनीचं म्हणाल तर बाहेरच्या देशाच्या नागरिकांनी शेतजमीन घेण्यावर नेब्रास्कात निर्बंध आहेत, तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय इसार देऊ नका. मी तुमच्या जागी असतो तर पहिली दोन वर्षं कोणाच्या तरी रँचवर पगारी काम केलं असतं, आणि मग थोडं कुरण भाड्याने घेऊन पन्नास-साठ गाई सोडल्या असत्या. सरकारी कर्जात 50,000 डॉलरपर्यंतचं छोटं कर्ज मिळतं, त्यात वळू, कुंपण, पाण्याची टाकी होईल. एवढ्या गाई त्या रकमेत नाही होणार.