जेल सीट राहू द्या, आधी आहे ती सीट वर करा

भाऊ, हायब्रिड सायकल घेऊन दोन महिने झाले म्हणताय, दर रविवारी त्र्यंबकला जाऊन येता, आणि घरी पोचेपर्यंत बूड दुखतं, गुडघ्याच्या वाटीपाशी कळ येते, करंगळीला मुंग्या येतात, म्हणून आता जेलची जाड सीट घ्यायचीय. पैसे खिशातच ठेवा. फोटो बघितला, सीट चांगलीच खाली आहे आणि वर तुम्ही तिचं नाक पण खाली झुकवलंय.

ही तिन्ही दुखणी एकच आहेत. दुकानातून सायकल निघते तेव्हा सीट अशी लावतात की दोन्ही पाय जमिनीला टेकतील, गिऱ्हाईक खूश. पण मग पेडल वर आलं की गुडघा फार दुमडतो, त्यात त्र्यंबकला जाताना चढ, म्हणून वाटीपाशी दुखतं. पायांवर भार येत नाही, सगळा बुडावर येतो. ते दुखायला लागलं म्हणून तुम्ही नाक खाली केलं, आता अंग पुढे घसरतंय आणि ते अडवायचं काम तळहात करतायत. करंगळीची नस तिथूनच जाते.

उंचीपासून सुरू करा. रोजचे बूट घाला, भिंतीला धरून बसा, पेडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर न कलता. मग चवडा ठेवला की गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला राहतो, तेवढं बरोबर. पण एकदम वर नेऊ नका, ५ मिलिमीटर वर, एक-दोन राइड, मग परत ५. मी स्वतः शहाणपणा करून एका झटक्यात तीन सेंटीमीटर वर केली होती आणि कसारा घाटातनं आल्यावर पंधरा दिवस गुडघ्याच्या मागच्या बाजूला ओढ लागत होती, जिना उतरताना आई आठवायची. मागे दुखलं किंवा पेडल मारताना कंबर डुगडुगली तर समजायचं जास्त वर गेली. सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या पाइपवर, चिकटपट्टीची खूण करा आणि त्यावरची मर्यादेची रेघ बाहेर दिसू देऊ नका.

हो, मग एबीबी सर्कलच्या सिग्नलला बसल्याबसल्या पाय टेकणार नाहीत. टेकवायचेच नसतात, सीटवरून पुढे उतरायचं आणि एक पाय खाली. आठवड्यात सवय होते.

मग पुढे-मागे. दोन्ही पेडल आडवी करा, दोऱ्याला नट बांधून गवंड्यासारखा ओळंबा करा आणि पुढच्या पायाच्या वाटीच्या जरा खालून सोडा, तो पेडलच्या आसाजवळ पडला की सुरुवात म्हणून ठीक. हा काही नियम नाही, बऱ्याच जणांना थोडं मागे बरं वाटतं. हे उंचीनंतरच करा, कारण पाइप तिरका असतो, सीट वर केली की थोडी मागेही जाते. आणि हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे ओढू नका, त्यासाठी छोटा स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा तुकडा, मिळतो.

नाक सपाट करा, मोबाइलमधली लेव्हल चालते. अगदीच टोचलं तर एखादा अंश खाली, बास. चालवताना कोपर ताठ नको, खांदे कानाला चिकटवू नका, मधूनमधून पकड बदलत राहा.

एवढं करूनही बूड दुखलं तर सीटची रुंदी बघू, जाडी नाही. जाड जेलमध्ये हाडं रुततात आणि मधला नाजूक भाग जास्त दाबला जातो, लांबच्या राइडला तर नकोच. पॅडची शॉर्ट्स घेतलीत तर आत अंडरवेअर घालायची नसते, हे कोणी सांगत नाही. जांघेत बधिरपणा येत असेल तर लगेच थांबा, नंतर पेडलवर उभं राहून चालवा, आणि तो टिकला तर डॉक्टरला दाखवा.

येत्या रविवारी त्र्यंबक नको, गंगापूर धरणापर्यंतच जा, सीटचे बोल्ट फिरवायची अ‍ॅलन की (षटकोनी चावी) बरोबर ठेवा. आल्यावर फोटो टाका, बाजूने काढलेला, पेडल खाली असताना.