पिवळी रेघ भलत्याच आकड्यावर

समुपदेशनाला आलेल्या गृहस्थांनी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. एका ओळीवर पिवळ्या मार्करची रेघ होती : ‘जैविक वय ५२’. खरं वय ४३. लाळेचा नमुना पाठवून केलेली डीएनए चाचणी होती ती.

“मॅडम, टेन्शननं माझे जीन्स पार खराब झालेत. वडिलांना मधुमेह होता, शेवटी पाय कापावा लागला. माझंही तेच होणार. पण मुलीतही हे उतरलं असेल का?”

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

‘जीन्समध्येच आहे’ हे मला सारखं ऐकू येतं. त्यामुळे सुरुवात तिथूनच केली. पेशीतल्या डीएनएची रोज हजारो ठिकाणी मोडतोड होते आणि ती दुरुस्तही होत राहते. या दुरुस्तीच्या शोधाला २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ताणानं जीन्सचा मजकूरच बदलून जातो, असं नाही. आहार, झोप, ताण यांचा परिणाम जास्त करून दिसतो तो कुठला जीन किती चालू राहणार हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणांवर. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये युद्धामुळे अन्नाचा दुष्काळ पडला होता. त्या काळात गर्भात आलेल्यांच्या एका जीनवर साठ वर्षांनंतरही अशा खुणा त्यांच्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या. पण ती उपासमार होती आणि ती गर्भात असताना झालेली. बापाच्या ऑफिसातल्या ताणानं मुलीत असं काही उतरतं, याचा ठोस पुरावा माणसांमध्ये नाही. मधुमेहाचा कल मात्र उतरतो. तो शेकडो जीन्समध्ये थोडा थोडा विखुरलेला असतो.

त्यांना ‘जैविक वय’ सोडवत नव्हतं. असे आकडे मोठ्या गटांच्या सरासरीवरून काढतात. एकट्या माणसाचं भविष्य त्यात शोधू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मी फाइल चाळली. मागच्या पानावर एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, ६.१ टक्के. तिथे रेघ नव्हती. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा.

“हे बघितलं होतं?”

“हो. पण परत तपासायची हिंमत झाली नाही.” बराच वेळ ते गप्प होते. मग वडिलांच्या जखमेचं ड्रेसिंग करायचे ते दिवस सांगत बसले. त्या सत्रात माझं बोलणं तिथेच थांबलं.

पुढच्या वेळी दिनक्रम विचारला. जेवण रात्री साडेअकराला, फोन दीडपर्यंत, झोप जेमतेम पाच तास. ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि यकृत रक्तात साखर सोडत राहतं. झोप अपुरी पडली की शरीर इन्सुलिनला दाद कमी देतं. म्हणजे ताण आणि साखर ही दोन वेगळी दुखणी नव्हतीच. उंबरठ्यावरच्या ३,२३४ जणांवरचा अमेरिकेतला अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढं उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. हे ऐकल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली. औषधाचं डॉक्टर ठरवतील म्हणून त्यांच्याकडे पाठवलं.

तीन महिन्यांनी आकडा ५.९ आला. “एवढंच?” चेहरा पडलेला. वजन चार किलो उतरलं होतं. जेवण साडेआठला यायला लागलं होतं. फोन मात्र अजून उशाशीच.

जाता जाता दारात थांबले. “ती लाळेची टेस्ट परत करू का?”

म्हटलं, “त्या पैशांत चालायचे चांगले बूट घ्या.”