कोविड, लस आणि रेंगाळणारा थकवा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझा मुलगा ३४ वर्षांचा आहे. लशीमुळे तरुणांना हृदयविकाराचा झटका येतो, असे संदेश सतत येतात. त्याच्या तपासण्या करून घ्याव्यात का?

उत्तर : केवळ लस घेतली म्हणून तपासण्यांची गरज नाही. तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंचा प्रश्न भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये ४७ रुग्णालयांच्या मदतीने अभ्यासला. वरवर निरोगी असताना अचानक दगावलेल्या १८ ते ४५ वयोगटातील व्यक्तींची तुलना त्याच वयाच्या, त्याच परिसरातील हयात व्यक्तींशी करण्यात आली. त्यात लशीने धोका वाढल्याचे दिसले नाही. दोन डोस घेतलेल्यांमध्ये तो उलट कमी होता. कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, घराण्यात असा मृत्यू झालेला असणे, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांतील अतिमद्यपान आणि अतिश्रमाचा व्यायाम या बाबी मात्र धोक्याशी निगडित आढळल्या. त्यामुळे मुलाने कोणती लस घेतली यापेक्षा, आपल्या घरात कोणी ऐन तारुण्यात अचानक गेले होते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

प्रश्न : कोविशील्डने रक्ताच्या गुठळ्या होतात, हे कंपनीने मान्य केले ना?

उत्तर : हो, पण हा दुष्परिणाम युरोपीय औषध नियामकांनी एप्रिल २०२१ मध्येच जाहीर केला होता. तो अत्यंत दुर्मीळ असून डोसनंतरच्या काही आठवड्यांतच दिसतो. २०२१ मध्ये घेतलेल्या डोसमुळे आज गुठळी होईल, ही भीती बाळगू नये.

प्रश्न : दुसऱ्या लाटेत मला कोविड झाला. तेव्हापासून थोडे काम केले तरी दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. रिपोर्ट नॉर्मल आहेत. सगळे म्हणतात, मनाचे खेळ आहेत, व्यायाम करा.

उत्तर : आपली तक्रार खरी आहे, आणि ती मनाचे खेळ म्हणून झटकून टाकणे मला अन्यायकारक वाटते. ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी लाँग कोविडच्या, म्हणजे कोविडनंतर असा त्रास रेंगाळणाऱ्या, २५ रुग्णांना सायकलिंग करायला लावून त्याआधी व नंतर त्यांच्या मांडीच्या स्नायूंचे नमुने तपासले, तेव्हा श्रमानंतर पेशींमधील ऊर्जानिर्मिती मंदावल्याचे व स्नायूंना इजा झाल्याचे आढळले. हे निष्कर्ष जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून श्रमानंतर त्रास बळावत असेल तर नेट लावून व्यायाम वाढवू नये. कामाचे लहान तुकडे करावेत, मध्ये विश्रांती घ्यावी आणि थकण्याआधीच थांबावे. घरच्यांनीही याला आळस समजू नये. या विकाराचे निदान करणारी एकच अशी रक्ततपासणी अद्याप नाही, त्यामुळे रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह व क्षयरोग तपासले गेले आहेत ना, याची खात्री करून घ्यावी. पॅक्सलोव्हिड हे विषाणूरोधक औषध १५ दिवस देऊनही अशा रुग्णांना लक्षणीय फायदा झाला नाही, असे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चाचणीत दिसले. तेव्हा हमखास बरे करण्याचे आश्वासन देणाऱ्या महागड्या उपचारांवर पैसे घालवू नयेत.

प्रश्न : नवा व्हेरियंट आला की पुन्हा लॉकडाऊन लागेल का?

उत्तर : तशी शक्यता मला दिसत नाही. २०२५ मध्ये चर्चेत आलेला एनबी.१.८.१ हा ओमिक्रॉनच्याच कुळातला असून जागतिक आरोग्य संघटनेने त्याला केवळ देखरेखीखालील प्रकारांत ठेवले. घरात वृद्ध, कर्करोगाचे किंवा डायलिसिसवरील रुग्ण असतील, तर सर्दी-तापाच्या माणसाने त्यांच्याजवळ जाताना मास्क लावावा आणि त्यांना स्वतःला ताप किंवा धाप जाणवल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.