पदवीवरचं नाव आणि रोजचं कॉलेज
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बारावीच्या निकालानंतर आलेल्या पत्रांतून या अंकासाठी पाच प्रश्न घेतले आहेत. बहुतेक पत्रांत विचारणा आहे ती ‘विद्यापीठ कोणतं चांगलं?’ अशी. आमच्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: मूल रोज सकाळी ज्या इमारतीत जाणार, तिथे शिकवणारं कोण आहे?

प्रश्न : मुलाला बारावी सायन्सला 68 टक्के मिळाले. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी करायचं म्हणतो. केजला कॉलेज आहे, अंबाजोगाईला आहे, पण त्याचे मित्र पुण्याला निघालेत म्हणून तोही हट्ट धरून बसलाय. शेती कोरडवाहू. काय करावं?
– एक पालक, केज (जि. बीड)

बीड, धाराशिव, जालना आणि छत्रपती संभाजीनगर या चार जिल्ह्यांतली संलग्न कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे आहेत. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची 1994 पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. म्हणजे मुलगा केजला शिकला काय, अंबाजोगाईला काय किंवा संभाजीनगरला काय, पदवीच्या कागदावर नाव एकाच विद्यापीठाचं येतं. संलग्न कॉलेजांचा अभ्यासक्रम आणि परीक्षाही विद्यापीठाच्याच. स्वायत्त कॉलेज मात्र स्वतःचा अभ्यासक्रम आखतं, पेपर स्वतः काढतं. पदवी तिथेही विद्यापीठच देतं. त्यामुळे विद्यापीठांची तुलना करण्यात उन्हाळा घालवू नका, कॉलेजांची करा.

ती करायची कशी? प्रवेशाच्या गर्दीत जाऊ नका, कॉलेज सुरू असताना एखाद्या मंगळवारी-बुधवारी अकराच्या सुमारास जा. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डोकवा. प्रॅक्टिकल चालू आहे की कुलूप आहे? एका बॅचला किती मुलं? विशीच्या आसपास असतील तर प्रत्येकाच्या हाताला ब्युरेट लागतो. चाळीस एकत्र उभी असतील तर चौघं करतात आणि बाकीचे वहीत उतरवून घेतात. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाची प्रयोगवही मागून बघा. तारखा आणि सह्या नियमित पडल्यात, की सगळ्या शेवटच्या आठवड्यातल्या आहेत, हे तिथे कळतं. माहितीपुस्तकात ते कधीच कळत नाही.

मग विषयाला पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर (म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधनावर) किती, ते विचारा. तासिका तत्त्वावरचे शिक्षक कमी प्रतीचे असतात असं अजिबात नाही. कित्येक जण नेट-सेट आणि पीएचडी झालेले असतात आणि जीव ओतून शिकवतात. पण त्यांची नेमणूक वर्षापुरती असते आणि ती बरेचदा उशिरा होते. म्हणून अशा विभागात पहिल्या सत्राचे सुरुवातीचे आठवडे रिकामे जातात. हे पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगता येणार नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा.

नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था. तिने दिलेली श्रेणी बघताना साल बघा. श्रेणी साधारण पाच वर्षांसाठी असते आणि ती पूर्ण कॉलेजची असते, तुमच्या विषयाची नव्हे. कॉलेजने नॅकला दिलेला स्वयंमूल्यमापन अहवाल संकेतस्थळावर असतो. त्यातली शिक्षकांची यादी श्रेणीपेक्षा जास्त बोलते.

एक गोष्ट पालकांच्या लक्षात फार उशिरा येते. एकाच कॉलेजात साधं बीएस्सी अनुदानित (शासनाच्या अनुदानावर चालणारं) असतं आणि बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान विनाअनुदानित. गेट एक, पण फीमध्ये कितीतरी पटींचा फरक. अर्ज भरतानाच ‘ही तुकडी अनुदानित आहे का?’ असं स्पष्ट विचारा आणि पूर्ण तीन वर्षांची फी लेखी घ्या.

आता पुणे. एका कागदावर हिशेब मांडा: खोलीचं भाडं बारा महिन्यांचं (सुट्टीत गावी आला तरी कॉट सोडता येत नाही), डिपॉझिट, मेस, वीजबिलाचा वाटा, शहरातला बसप्रवास, गावच्या खेपा. त्याला तीनने गुणा. मग स्वतःला विचारा, एवढा पैसा बीएस्सीवर घालायचा की एमएस्सीवर? आमचं मत स्पष्ट आहे: एमएस्सीवर. पदवी अंबाजोगाईला किंवा संभाजीनगरला चांगल्या विभागात नीट करू द्या. तिसऱ्या वर्षी आयआयटींच्या एमएस्सीसाठीची जॅम परीक्षा, केंद्रीय विद्यापीठांसाठीची सीयूईटी-पीजी आणि हव्या त्या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यायला लावा. जॅम फेब्रुवारीत होते, पण तिचे अर्ज आदल्या वर्षीच भरून होतात. अनेक मुलं इथेच चुकतात. तेव्हा विद्यापीठ बदललं तर मायग्रेशन प्रमाणपत्र लागेल. ते निकाल लागताच काढून ठेवा.

प्रश्न : मी अकरावी-बारावी लातूरला केली, घर सेलूला. अभियांत्रिकीला नांदेड, संभाजीनगर आणि पुणे असे पर्याय आहेत. मी ओबीसी आहे. पर्यायांचा क्रम कसा लावावा? मुलींची फी माफ आहे म्हणतात, ते सगळीकडे का?
– एक विद्यार्थिनी, सेलू (जि. परभणी)

कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, ‘होम युनिव्हर्सिटी’ नावाची भानगड आधी समजून घ्या. अनेक कॉलेजांतल्या राज्याच्या वाट्याच्या जागांपैकी 70 टक्के त्या विद्यापीठक्षेत्रातल्या मुलांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना असतात. हे क्षेत्र घरच्या पत्त्यावर ठरत नाही, बारावी जिथून उत्तीर्ण झालात त्या ठिकाणावर ठरतं. तुमचं लातूर आणि सेलू दोन्ही नांदेड विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात, म्हणून फरक पडला नाही. पण परभणीच्या ज्या मुलीने बारावी पुण्यातून केली, ती नांदेडसाठी बाहेरची धरली जाते.

मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या (राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या) संकेतस्थळावर फेरीनिहाय असतात. त्यातले कोड वाचायला शिका. सुरुवातीचं ‘एल’ म्हणजे मुलींसाठी राखीव जागा, ‘जी’ म्हणजे सर्वांसाठी. शेवटचं ‘एच’ होम युनिव्हर्सिटी, ‘ओ’ बाहेरची, ‘एस’ राज्यस्तर. तुमच्यासाठी ‘एल’ने सुरू होणारी ओबीसीची आणि खुल्या प्रवर्गाची, दोन्ही ओळी बघायच्या, खुल्या जागेवरही तुमचा तेवढाच हक्क आहे.

क्रम लावताना ‘मला मिळेल का’ हा विचार बाजूला ठेवा. जे सगळ्यात हवं ते एक नंबरला, मग त्याखालचं. वरचे पर्याय अवघड भरले म्हणून खालची जागा हातची जात नाही. मात्र वर भरलेलं मिळालं तर घ्यावं लागेल, हे पक्कं धरा. 2025-26 च्या प्रक्रियेत चार फेऱ्या होत्या आणि पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी एखादा, तिसरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला की जागा आपोआप गोठत होती, म्हणजे पुढच्या फेरीत ती बदलता येत नव्हती. मैत्रिणीने भरलं म्हणून तिसऱ्या क्रमांकावर टाकलेली शाखा अशी गळ्यात पडते. यंदाची माहितीपुस्तिका उघडून हा नियम स्वतः वाचा, नेटकॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नका. पर्याय अर्ज भरला की ‘कन्फर्म’ करून त्याची छापील प्रत घ्या. नुसता सेव्ह केलेला अर्ज फेरीत धरला जात नाही.

नांदेडचं श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय (1981) आणि संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी (1960) ही दोन्ही स्वायत्त आणि जुनी आहेत. पुण्याच्या मधल्या फळीतल्या खासगी कॉलेजापेक्षा आम्ही त्यांना वर ठेवू, विशेषतः तुम्हाला हवी ती शाखा तिथे मिळत असेल तर. मराठवाड्यातल्या अनेक खासगी अभियांत्रिकी कॉलेजांची पदवी मात्र रायगड जिल्ह्यातल्या लोणेरे इथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची असते. नावं सारखी असल्याने पालक गोंधळतात. त्यात कमीपणा काही नाही. फक्त परीक्षेचं वेळापत्रक, पुनर्मूल्यांकन, गुणपत्रिका हे सगळं लोणेऱ्याहून चालतं, एवढं माहीत असू द्या.

फीमाफीचं असं आहे. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अटी दोन: कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत आणि प्रवेश कॅपमधून. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला, खासगी आणि अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही. वसतिगृह, मेस यात येत नाही. कॉलेजचं बाकीचं शुल्क किती, ते लेखी मागा.

माफी आपोआप होत नाही. महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर दरवर्षी अर्ज करावा लागतो. अडकतं ते तीन ठिकाणी: नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चला संपलेली असते, जात पडताळणी झालेली नसते, किंवा बँक खातं आधारला जोडलेलंच नसतं. शेवटचं नीट समजून घ्या. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही, आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. लहानपणी शाळेत उघडलेलं आणि आता बंद पडलेलं खातं आधारला जोडलेलं असेल, तर रक्कम परत जाते. आजच बँकेत जाऊन बघून या.

प्रश्न : मुलाला नांदेडला ठेवायचंय. आम्ही आदिवासी समाजाचे. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर?
– एक पालक, किनवट (जि. नांदेड)

तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांना जेवण, निवास आणि शैक्षणिक साहित्यासाठी शहराप्रमाणे ठरलेली रक्कम थेट खात्यात मिळते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी हीच सोय डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत आहे आणि ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेत. विद्यार्थी त्या शहराचा स्थानिक रहिवासी नसावा. या योजना वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी आहेत, म्हणून आधी वसतिगृहाचा अर्ज कराच. तो केला नाही तर पुढचं दार उघडत नाही. खोलीचा करारनामा आणि भाड्याच्या पावत्या जपून ठेवा, मागतात. हप्ता सत्र अर्धं सरल्यावरही येतो, तेव्हा पहिल्या तीन-चार महिन्यांच्या खर्चाची तजवीज घरून करून ठेवा. विद्यापीठाच्या परिसरातल्या विभागात शिकत असेल तर ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशीही करायला सांगा. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासांप्रमाणे काम आणि मोबदला मिळतो.

खासगी खोली घेताना एप्रिल-मे महिन्यांत पाणी कसं येतं, ते शेजाऱ्याला विचारा, मालकाला नको. मेस लावताना खाड्याचा (न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करण्याचा) नियम आधी ठरवून घ्या: किती दिवस आधी सांगायचं, आणि कमीत कमी किती दिवसांचा खाडा धरतात. पहिल्या महिन्यात पूर्ण सत्राचे पैसे एकदम भरू नका. रॅगिंगचा काही त्रास झाला तर 1800-180-5522 ही राष्ट्रीय हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदाच आहे, म्हणून तक्रार प्राचार्यांकडे तोंडी नको, लेखी द्या.

प्रश्न : जालन्याहून संभाजीनगरला रोज अप-डाऊन करून मुलीने पदवी केली तर चालेल का?
– एक पालक, जालना

चालेल, पण प्रॅक्टिकल दुपारी असतील तर आधी परतीच्या गाडीची वेळ बघा. बारावीनंतर एसटीचा अहिल्यादेवी होळकर मोफत पास थांबतो. मग विद्यार्थी पास काढा. त्यात भाड्याचा एक तृतीयांश भाग भरावा लागतो, म्हणजे महिलांच्या निम्म्या तिकिटापेक्षा तो स्वस्तच पडतो. रेल्वेने जायचं तर मुलींना पदवीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळण्याची तरतूद आहे. कॉलेजच्या सहीचा दाखला घेऊन स्थानकावर जा.

प्रश्न : बीएला नाव घालून ठेवायचं आणि अभ्यासिकेत बसून एमपीएससी करायची, असं आमच्याकडे सगळेच करतात. कॉलेजला जाण्यात काय ठेवलंय?
– एक विद्यार्थी, वसमत (जि. हिंगोली)

स्पर्धा परीक्षा जरूर द्या. पण नुसतं नाव घालायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. तिथली पदवी एमपीएससीला चालते आणि हजेरीची खोटी कसरत करावी लागत नाही. नियमित कॉलेजात 75 टक्के हजेरीची अट असते आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर अंतर्गत गुण, प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचे क्रेडिट वाढलेत. घरी बसून ते मिळत नाहीत. तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष ऑनर्सचं, आणि ते केलं की पदव्युत्तर एका वर्षात होतं.

आणि कॉलेजात ठेवलंय बरंच काही. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात लोककला, एकांकिका, वादविवाद, मूकनाट्य असतं. तिथून निवडलेले विद्यार्थी राज्याच्या ‘इंद्रधनुष्य’मध्ये जातात. खेळासाठी ‘अश्वमेध’ आहे, संशोधनासाठी ‘आविष्कार’. ‘आविष्कार’मध्ये बीएची मुलंही भाग घेऊ शकतात आणि गावातल्या पाणीवाटपावर केलेलं साधं सर्वेक्षणही तिथे मांडता येतं. वसमतच्या मुलाला चारशे लोकांसमोर उभं राहून बोलायची सवय अशी लागते, आणि मुलाखतीच्या टेबलासमोर तीच कामाला येते. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर पूर्ण करावं लागतं. एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असेल तर लष्करात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबी (सेवा निवड मंडळ) मुलाखतीची वेगळी वाट आहे.

या दोन्हींच्या जागा ठरलेल्या असतात आणि नोंदणी सत्राच्या सुरुवातीलाच भरते. प्रवेशाची पावती हातात पडली की त्याच दिवशी कार्यक्रम अधिकाऱ्यांना आणि एनसीसीच्या सरांना गाठा.