गोदावरी 32 वर्षांतच का काढली, आमचा बॉयलर तर अजून चालायलाय

प्रश्न: सर नमस्कार, मी चिकोडी तालुक्यात एका साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला आहे. आमचे मामा नेव्हीत आयएनएस गोदावरी या युद्धनौकेच्या बॉयलर रूमला होते. 2015 ला ती रिटायर झाली तेव्हापासून मामा एकच विचारायलेत, एवढी चांगली गाइडेड मिसाईल फ्रिगेट 32 वर्षांतच का काढली, तुमच्या कारखान्याचा बॉयलर तर तिच्यापेक्षा जुना आहे की. मला उत्तर देता येईना, तुम्हीच सांगा.

उत्तर: मामांना आधी माझा नमस्कार सांगा. 10 डिसेंबर 1983 ला गोदावरी नेव्हीत आली आणि 23 डिसेंबर 2015 ला मुंबईत तिचा झेंडा उतरला, फ्रिगेटसाठी हे भरपूर आयुष्य झालं. तिच्या बहिणींपैकी गंगा 2018 ला गेली, गोमती 2022 ला, म्हणजे गोमतीलासुद्धा 34 वर्षंच मिळाली.

आता बॉयलरचं. तुमचं क्रशिंग चार-पाच महिने चालतं, मग ओव्हरहॉलला ट्यूबा काढा, घासा, बदला, सगळं निवांत करता येतं, जागा पण मोकळी असते. जहाजात तोच बॉयलर माणूस आडवा होऊन कसाबसा सरकेल एवढ्या जागेत, वरून जहाज डोलतंय, आणि फीड वॉटरमध्ये, म्हणजे बॉयलरला घालायच्या पाण्यात, खारं पाणी थोडं जरी शिरलं तरी ट्यूब आतून खायला सुरू. हे मामांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. बाहेरून समुद्र हल, म्हणजे जहाजाचं बाहेरचं लोखंडी अंग, खातो, म्हणून हलला जस्ताचे ठोकळे लावतात, लोखंडाच्या आधी जस्त झिजावं म्हणून. ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या गोदीत, जहाज घेतलं की ते ठोकळे बघावेत, पावसात भिजलेल्या गुळाच्या ढेपेसारखे कडा गेलेले, भोकं पडलेले असतात. मग प्लेटची जाडी जागोजागी मोजतात, पातळ झालेली प्लेट कापून नवी वेल्ड करतात.

पण हल असा दुरुस्त होत राहतो. माझं मत असं की फ्रिगेटचं वय बरंचसं ड्रॉइंगवरच ठरून जातं.

गोदावरीचं डिझाइन आपल्याच माणसांनी केलं, बांधली माझगाव डॉकमध्ये. त्याआधीच्या जुन्या नीलगिरी वर्गाच्या फ्रिगेट ब्रिटिश लिअँडर डिझाइनच्या होत्या. आपल्या डिझायनरांनी त्यांचीच 30,000 हॉर्सपॉवरची स्टीम मशिनरी ठेवली, हल मात्र वाढवून 126 मीटरचा केला, आणि त्यावर जहाजांवर मारायची रशियन स्टिक्स मिसाईल, रशियन ओसा विमानविरोधी मिसाईल, इटालियन कॉम्प्युटर सिस्टिम, वर दोन सी किंग हेलिकॉप्टर! एवढ्याशा जहाजावर दोन सी किंग, आणि इतक्या देशांची यंत्रं एकमेकांशी बोलायला लावायची, हे त्या काळात आपल्या लोकांनी करून दाखवलं, मला आजही याचा फार अभिमान वाटतो.

त्याचीच दुसरी बाजू पण बघा. चार ठिकाणचं सामान म्हणजे स्पेअर पण चार ठिकाणचे, आणि 1991 ला सोव्हिएत युनियनच राहिला नाही. नवीन रडार बसवायचा तर वरचं वजन वाढतं, जहाजाचा तोल बिघडतो, वीज जास्त लागते, थंड ठेवायची सोय लागते, आणि ही जागा आधीच राखून ठेवलेली नसेल तर 25 वर्षांनी कुठून आणणार? त्यात स्टीम. थंड बॉयलरचं प्रेशर चढवायला तास लागतात हे तुम्ही रोज बघता, गॅस टर्बाइन काही मिनिटांत तयार. माणसं पण गोदावरीवर 300 च्या आसपास लागायची. 15 जानेवारी 2025 ला नेव्हीत आलेली नवी नीलगिरी वजनाला तिच्या दीडपटीहून जास्त आहे, डिझेल आणि गॅस टर्बाइनवर चालते, तरी माणसं कमी लागतात. अशा वेळी जुन्या जहाजावर अजून एक मोठी दुरुस्ती करण्यात अर्थ राहत नाही.

एक करा, सीझन संपला की मामांना घेऊन कारवारला जावा. तिथं बीचवर आयएनएस चपळ ही जुनी मिसाईल बोट म्युझियम करून ठेवलीय. तिच्या डेकवर मिसाईलचे जाड नळकांड्यांसारखे लाँचर आहेत, गोदावरीच्या पुढच्या डेकवरची चार मिसाईल त्याच स्टिक्स कुळातली. मामा ते बघून तुम्हाला काय काय सांगतील ते लिहून आम्हाला पाठवा.